डावीकडचं पाणी

"गाजराची भाजी संपली, की मला वाढायचीच नव्हती?" बाईंनी विचारलं.

नवरा घास तोंडाशी नेता नेता थांबला. त्याने बायकोच्या ताटाकडे पाहिलं. भात संपला होता, अंडं संपलं होतं, ताटाची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती. डावीकडे मात्र गाजराची भाजी वाढली होती तशीच होती.

"वाढलीय की," तो म्हणाला.

"हो, तुमच्या ताटात. स्वतःपुरतं बरं लक्षात राहतं तुमच्या."

इतक्या वर्षांच्या संसारात कुठल्या बोलण्याला उत्तर द्यायचं आणि कुठल्या नाही, हे त्याला चांगलं कळत होतं. त्याने हात पुढे करून बायकोचं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. भाजी उजवीकडे आली.

बाई ताटाकडे बघत राहिल्या. "ही कुठून आली?"

"इथेच होती."

"सकाळपासून मीच सापडलेय का थट्टेला?"

"थट्टा नाही गं. परवाही असंच झालं. त्याच्या आदल्या दिवशीही. मी आपली वाटी हळूच इकडून तिकडे सरकवत होतो. म्हटलं, कामाच्या व्यापात लक्ष नसेल."

बाईंनी भाजी खाल्ली. त्यांना डावा दंड दुखल्यासारखा वाटायला लागला. दंड दुखायला कारणही होतं. महिनाभर त्या दाराच्या चौकटींना आपटत होत्या, आणि दर वेळी डाव्याच खांद्याने. चौकट कुणी सरकवली नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. फक्त त्याचा अर्थ लावायची हिंमत होत नव्हती.

बाई म्हणजे पोहण्याच्या बाई. सार्वजनिक तलावावर त्या लग्नाच्या आधीपासून शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज बँकेत बसतात, दवाखान्यात बसतात, पोलीस चौकीत बसतात आणि बाई दिसल्या की चटकन खुर्चीतून उठतात, कारण या बाईंनी त्यांना कधीकाळी ओल्या चड्डीत भोकाड पसरताना पाहिलेलं आहे. आवाज असा की वाऱ्याच्या दिवशीही पलीकडच्या काठापर्यंत पोचावा. स्वभावाने तापट, पण राग पाण्यात विरघळायला वेळ लागत नसे. आणि एक नियम त्या स्वतः जिवापाड पाळत, इतरांकडूनही पाळून घेत. काठावर उभं असताना पाण्याकडे पाठ करायची नाही. मागे कुणी हाक मारो, फोन वाजो, कपाटाला आग लागो.

तर अशा या बाई एके दिवशी दोरीवर कपडे वाळत घालता घालता खाली कोसळल्या आणि हातपाय झाडायला लागल्या. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा. यंत्र बिघडलं की काय करायचं ते त्याला पाठ होतं. इथे तो नुसता बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि शेजाऱ्यांना हाका मारत राहिला. इस्पितळात फोटो काढले तेव्हा कळलं की बाईंच्या मेंदूत, मागच्या बाजूला उजवीकडे, रक्तवाहिन्यांचा एक गुंता आहे. तो जन्मापासूनच तिथे होता. बाईंनी सूर मारले, बक्षिसं मिळवली, संसार केला, आणि हा गुंता आपला मुकाट बसून होता. कधी फुटेल, फुटेल की नाही, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती आणि सावकाश बोलायची. म्हणाली, डोकं न उघडता हे करता येईल. किरण नेमके त्या गुंत्यावर टाकायचे. नसा आतून हळूहळू जाड होत जातील आणि दोन-तीन वर्षांत गुंता बंद पडेल. तोवर तो फुटण्याची भीती राहीलच. शिवाय काही लोकांना पुढच्या वर्ष-दीड वर्षात त्या जागेच्या आजूबाजूला सूज येते, त्याचा त्रास होऊ शकतो. या सगळ्यातलं बाईंनी एवढंच ऐकलं की डोकं उघडायचं नाही. माणूस ऐकायचं तेवढंच ऐकतो, त्यात बाईंचं काही वेगळं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी डोक्याला लोखंडी चौकट स्क्रूने घट्ट बसवली. ते तेवढं दुखलं. मग यंत्रात नुसतं पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी बाई घरी. नणंद भेटायला आली, ती कपाळावरचे चार ठिपके बघून हिरमुसलीच. "एवढंच? मी म्हटलं काहीतरी ऑपरेशन असेल," असं म्हणून तिने आणलेली फळं टेबलावर ठेवली. पुढे सगळं सुरळीत झालं. फिटच्या गोळ्या सुरू होत्या. पाण्यात एकटीने उतरायचं नाही, एवढं डॉक्टरणीने बजावलं होतं, म्हणून बाई काठावरून शिकवायच्या. कोरड्या कपड्यांत तलावाकाठी उभं राहणं त्यांना मेजवानीच्या घरी उपाशी बसल्यासारखं वाटायचं. तेही त्यांनी निभावलं. वर्ष होत आलं होतं. धोका टळला असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

आणि आता ही गाजराची भाजी.

डॉक्टरणीने बाईंना समोर बसवलं. "माझ्या नाकाकडे बघायचं. नजर हलवायची नाही. बोट हललेलं दिसलं की सांगा."

बाई नाकाकडे बघत बसल्या. उजवीकडे बोट हललं, त्या म्हणाल्या, "हललं." पुन्हा हललं, पुन्हा म्हणाल्या. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"हलवा ना," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून नवऱ्याला सगळं दिसत होतं. डॉक्टरीण केव्हाची डाव्या बाजूला बोट हलवत होती. बोट सोडून आता ती अख्खा पंजा हलवत होती. नवऱ्याने मान खाली घातली.

"डोळे खराब झाले का हो?" त्याने विचारलं.

"डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत जिथे पोचतं, तिथे सूज आलीय. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू तिथेच पोचते. म्हणून एक डोळा झाकला काय अन् दुसरा झाकला काय, डावीकडचं जातंय." मग ती बाईंकडे वळली. "गुंता बंद व्हायला लागलाय. फोटोत छान दिसतंय. ही सूज त्या उपचाराचाच परिणाम आहे. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला झाला."

"तुम्ही सांगितलं होतंत," बाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं."

"पण मला अंधार नाही दिसत तिकडे. काळं काही नाही. मला सगळं पूर्णच दिसतंय."

"हो. तेच यात वाईट आहे," डॉक्टरीण म्हणाली.

सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरात वेगळंच प्रकरण सुरू झालं. बाईंचा चेहरा फुगून पुरीसारखा गोल झाला. भूक अशी की जेवून उठल्या की डबे धुंडाळायच्या. झोप उडाली. सूर्य उगवायच्या आत त्या स्वयंपाकघर घासून मोकळ्या व्हायच्या आणि मग नवऱ्याला उठवून भांडायच्या, कारण भांडायला दुसरं कुणी जागं नसायचं. एकदा त्यांनी त्याच्या अवजारांची पेटी आवरली. इतकी नीट आवरली की तो बिचारा आठवडाभर गिऱ्हाइकांच्या घरी पान्हा शोधत होता. तो कधी चिडला नाही. एकदाच म्हणाला, "गोळ्या संपल्या की तू परत येशील ना गं?" त्यावर बाई हमसून हमसून रडल्या. रडणं गोळ्यांमुळे होतं की कसं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

गोळ्या कमी होत होत थांबल्या. चेहरा उतरला, झोप परतली. नवे फोटो आले, त्यात सूज ओसरली होती. डावीकडची नजर मात्र चिंचोळ्या पट्टीएवढीच परत आली. डॉक्टरीण म्हणाली, आणखी थोडी येईल कदाचित, पण जी आहे ती धरून चाला. मान फिरवून बघायची सवय करा. आणि कामावर जायच्या आधी मला येऊन भेटा.

बाई भेटल्या नाहीत. कारण मधल्या काळात तलावाच्या व्यवस्थापकाचा फोन आला.

"बाई, कधी येताय? बायकांचा वर्ग तुमच्याविना बंद ठेवलाय मी. तुम्ही शिकवता आणि नजरही ठेवता म्हणून तो चालतो. वेगळा जीवरक्षक द्यायला माझ्याकडे माणूस नाही. वरचे म्हणतायत, ती वेळ क्लबला देऊन टाका."

सकाळचा हा बायकांचा वर्ग त्यांनी स्वतः भांडून सुरू करून घेतला होता. चाळिशी-पन्नाशीला पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या, गुडघाभर पाण्यात किंचाळणाऱ्या बायका. त्यांना तरंगायला शिकवणं हे बाईंच्या मते जगातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत गमतीचं काम होतं. ते गेलं तर काय उरतं? दाराच्या चौकटींना आपटणारी एक रिकामी बाई. त्यांना कधी नव्हे इतकी भीती वाटली.

"उद्या येते," त्या म्हणाल्या.

कामावर परतताना कार्यालयाच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागे. तो म्हातारा डॉक्टर दिवसभर माणसं तपासून कंटाळलेला होता. त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. बाईंनी अक्षरं वाचली. वरची मोठी वाचली, मधली वाचली, अगदी खालची, मुंग्यांएवढी तीही वाचली. जरा मान हलवली की झालं.

"चष्म्याशिवाय? या वयात?" डॉक्टर खूश झाला. "तुमच्यापेक्षा माझीच तपासणी व्हायला हवी." आणि त्याने सही ठोकली.

नवरा तपासणीला सोबत आला होता. तो आता बाईंच्या डाव्या बाजूने चालायचा, न सांगता. परतताना घर दिसायला लागल्यावर म्हणाला, "त्यांनी समोरचं विचारलं. बाजूचं विचारलंच नाही."

"मग मी काय गळ्यात पाटी अडकवून जाऊ? त्यांनी विचारलं ते मी सांगितलं."

"मी कुठे काय म्हटलं."

"म्हणताय की. तुमचं न बोलणं मला कळत नाही होय?"

"मला फ्रिजमधलं कळतं," तो म्हणाला. "पाण्याचं काय ते तुला ठाऊक."

बाईंनी युक्ती काढली होती. तलावाच्या उथळ टोकाला, डावीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला अगदी खेटून उभं राहायचं. डावीकडे नुसती भिंत. पाणी सगळं समोर आणि उजवीकडे. एक थेंबही नजरेबाहेर नाही. पहिल्या दिवशी तिथे उभं राहून त्यांनी तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला आणि त्यांच्या जिवात जीव आला. आपण मेंदूवर मात केली असंच त्यांना वाटलं. बायका पाण्यात उतरल्या, नेहमीसारख्या किंचाळल्या, आणि बाईंचा आवाज पलीकडच्या काठावर आदळला. "अहो, पाणी आहे ते, तेजाब नाही! खांदे बुडवा!"

वर्गात एक वकीलबाई होत्या. अंगाने भरदार, बोलायला त्याहून भरदार. त्या पाण्याशीही वाद घालत. त्यांचं म्हणणं, माणसाचं शरीर तरंगतं हे बाईंनी अजून सिद्ध केलेलं नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या, त्या सगळ्यांत धीट. दोन सख्ख्या जावा होत्या, थोरली आणि धाकटी. घरी सासूसमोर बोलता येत नाही ते सगळं त्या तलावात बोलून घ्यायच्या, त्यामुळे दोघींचं पोहणं मागे पडलं होतं, पण तब्येती सुधारल्या होत्या. या बायकांनी बाईंना आजाराबद्दल विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं ते. संपलं." बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काही आठवडे असे छान गेले. बाई कोपरा सोडत नव्हत्या. व्यवस्थापक एकदा म्हणाला, "सावलीत या ना जरा," तर म्हणाल्या, "मला ऊन आवडतं." घरी नवऱ्याला रोज सांगायच्या, आज वकीलबाईंनी एवढं केलं, आज आजींनी तेवढं केलं. तो ऐकून घ्यायचा आणि हसायचा. पण बाई निघाल्या की त्या परत येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवत नसे.

मग ती सकाळ आली. वकीलबाई पहिल्यांदाच कठडा सोडून, छातीएवढ्या पाण्यात, स्वतःच्या बळावर तरंगायचा प्रयत्न करत होत्या. जिथे तळ उतरत जातो तिथून त्या जरा अलीकडेच होत्या. जावा त्यांच्याजवळ गप्पा मारत उभ्या होत्या. एवढ्यात आजी पायऱ्या चढून वर आल्या, बाईंच्या उजव्या हाताशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ही टोपी बघा हो, कानात पाणी जातंय."

बाई त्यांच्याकडे वळल्या. पाण्याकडे पाठ केली नाही. ते त्यांच्या अंगातच नव्हतं. फक्त कुशीवर वळतात तशा वळल्या, टोपीची पट्टी बोटांनी घट्ट करायला लागल्या, आणि सगळं पाणी त्यांच्या डाव्या हाताला आलं. आयुष्यभर त्यांनी हे असंच केलं होतं. हात एकीकडे, डोळ्याचा कोपरा पाण्यावर. आताही डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांना सगळं ठीक वाटत होतं. तिकडे काळं काही नव्हतं, काही हलत नव्हतं, कुणी ओरडतही नव्हतं. बुडणारं माणूस ओरडत नाही, हे बाईंनीच कितीजणांना शिकवलं होतं.

जोरात पाणी उसळलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. धाकटी जाऊ वकीलबाईंना पोहण्याच्या पोशाखाच्या पट्ट्याला धरून उथळ बाजूला ओढत होती. थोरली मागून ढकलत होती. वकीलबाई खोकत होत्या, नाकातोंडातून पाणी येत होतं. बाई कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या. तोवर वकीलबाईंचे पाय टेकले होते. त्यांना पायरीवर बसवलं, पाठ चोळली. हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर आला आणि श्वासापाठोपाठ लगेच वाचाही परतली.

"तरंगत नाही म्हणत होते ना मी!" त्या म्हणाल्या. जावा हसल्या. भीती उतरली की हसू येतंच, तसं सगळ्याच हसायला लागल्या.

बाईंनी विचारलं, "हातपाय का नाही मारलेत? शिकवलं होतं ना?"

"अहो, तुमच्यासमोरच तर होते. तुम्ही आजींशी बोलत होता, पण तुमचा चेहरा अर्धा माझ्याकडेच होता की. पाय सुटले तेव्हा मी म्हटलं, बाई बघतायत. मुद्दाम सोडलंय आपल्याला, आपलं आपण वर यायचं असेल." वकीलबाईंनी टॉवेलने तोंड पुसलं. "तुम्ही बघताय म्हटल्यावर घाबरायचं कशाला? म्हणून गप राहिले."

सगळ्या पुन्हा हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या ओल्या कपड्यांतून पाणी गळत होतं. कुणाला काही कळलं नव्हतं. तलावावर असं होतच असतं, एखादी नाकातोंडात पाणी घेतेच. उद्यापासून आणखी सावध राहायचं, आजींना डावीकडे उभं करायचं, की संपलं. बाईंच्या मनात हे सगळं आलं, आलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. पण वकीलबाईंचं ते वाक्य काही केल्या खाली बसेना.

"थोरल्या बाई," त्या म्हणाल्या, "जरा वर या. पलीकडच्या काठावर जा. त्या तिकडच्या टोकाला, डावीकडे."

"आता? कशाला?"

"जा तर."

थोरली जाऊ फटक फटक पावलं टाकत पलीकडे गेली. बाई तलावाच्या अलीकडच्या काठावर मधोमध उभ्या राहिल्या आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. "चालत या. समोरच्या घड्याळाकडे. सावकाश. तुम्ही दिसलात की मी थांबा म्हणेन."

"दिसलात म्हणजे?" आजींनी विचारलं.

थोरली चालायला लागली. चांगली धिप्पाड बाई, अंगात भडक लाल पोशाख. ती कोपऱ्यावरून निघाली, बाकावरून पुढे आली, सूर मारायच्या फळीजवळून आली. बायका एकदा तिच्याकडे बघत होत्या, एकदा बाईंच्या तोंडाकडे. बाईंचे डोळे घड्याळावर होते आणि ओठ मिटलेले होते. थोरली आणखी पुढे आली. धाकटीने तोंडावर हात ठेवला.

थोरली घड्याळाच्या जवळजवळ खाली पोचली तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा."

मग बाईंनीच सांगितलं. गुंता सांगितला, किरण सांगितले, सूज सांगितली. भाजीचंही सांगितलं. "तुमच्यातल्या अर्ध्या जणी मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "वकीलबाई, मी तुमच्याकडे बघत नव्हते. तुम्ही बुडत होतात ते मला दिसलंच नाही."

वकीलबाईंना आयुष्यात प्रथमच काही बोलायला सुचलं नाही. त्यांनी अंगावरचा टॉवेल काढून बाईंच्या खांद्यावर टाकला. तो ओलाच होता.

व्यवस्थापकाने डोक्याला हात लावला. त्याने कार्यालयाचं दार लावून घेतलं. "बाई, कुणाला कळलंय का? मग? डॉक्टरने पास केलंय तुम्हाला. काही झालं तर तो बघेल. तुम्ही कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

"पाण्यात माणसं आहेत हो," बाई म्हणाल्या.

"मग वर्ग बंद करावा लागेल. वेगळा माणूस आणू कुठून मी?"

"ते मला माहीत नाही. पण नजर ठेवायला मी नाही. आजपासूनच नाही."

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग उठून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसला, पण त्यांना ते जाणवलं नाही, म्हणून त्याने हातावर हात ठेवला. "मला वाटलं होतं की तूच बोलशील," तो म्हणाला. "कधी, ते माहीत नव्हतं." बाईंना त्याचा राग आला आणि त्याच्याशिवाय आपलं कसं होणार, असंही वाटलं.

वर्ग बंद झाला, पण फार दिवस राहिला नाही. वकीलबाईंची वाचा परतली होती. त्या व्यवस्थापकाच्या खुर्चीसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बुडालेली मी आहे. तक्रार करायची तर माझ्याकडून येईल, आणि ती बाईंविरुद्ध नसेल. एवढा तलाव आणि जीवरक्षक वेगळा नाही, हे वरच्यांना लेखी कळवू का?" पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तलावावरून एक माणूस बदलून आला. पोट सुटलेला, मिशाळ, झोपाळू डोळ्यांचा. पण पाण्यावरून नजर हलवत नसे, हे बाईंनी आधी दोन दिवस लांबून बघून घेतलं.

बाई डॉक्टरणीकडेही गेल्या. या वेळी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरीण आधी रागावली, मग म्हणाली, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शिकवायला हरकत नाही, मात्र काठावर नजर ठेवणारा माणूस हवा आणि त्याला तुमच्या फिटबद्दल माहीत हवं.

वर्ग पुन्हा सुरू झाला त्या सकाळी बाई पोहण्याच्या पोशाखात पायऱ्या उतरल्या. कमरेपर्यंत पाणी आलं तशा क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. आजी त्यांच्या उजव्या हाताला आल्या, वकीलबाई समोर. बाकीच्या डावीकडे कुठेतरी होत्या, पाण्याचा आवाज येत होता.

मिशाळ जीवरक्षक काठावर येऊन उभा राहिला. शिकवणं सुरू होण्याआधी पाण्यातली डोकी मोजायची त्याची पद्धत होती. बोट फिरवत त्याने मोजली. "अकरा," तो म्हणाला.

"बारा," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा नजर फिरवली. "अकराच आहेत, बाई."

"मला धरलं नाहीत."

"तुम्हाला?" तो हसला. "तुम्ही तर शिकवणाऱ्या. तुम्हाला काय मोजायचं?"

"मला फिट येऊ शकते. आली तर मी ओरडणार नाही, हात वर करणार नाही, सरळ खाली जाईन," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच पलीकडच्या काठापर्यंत गेला. "मी पाण्यात आहे ना? मग मोजा."

तो गोंधळला. वकीलबाई काही बोलणार होत्या, आजींनी त्यांचा हात दाबला. जीवरक्षकाने मान डोलवली आणि पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. ते बोट डावीकडून येत होतं, त्यामुळे बाईंना दिसत नव्हतं. त्या हात वर करून, आपला आकडा यायची वाट बघत उभ्या राहिल्या.